अकराची हजेरी

ते कुठलाही प्रश्न दोनदा विचारत. पहिल्यांदा विचारताना तोंडाकडे बघत आणि दुसऱ्यांदा हातांकडे. "जेवलास का?" असं विचारलं आणि आपण हो म्हटलं, की दोन पावलं पुढे जात, वळत आणि परत, "जेवलास का?" सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. पण कंप्रेसरचं बेअरिंग जायच्या आधी आठ दिवस ज्याला ते आवाजावरून कळतं, त्याच्या कानांना काही झालेलं नसतं, हे मला लवकरच समजलं.

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीचं एक कोल्ड स्टोरेज होतं. तिथे ते यंत्रखोलीचे प्रमुख आणि मी कंत्राटावरचा कॉम्प्युटरवाला. मी कळंबोलीहून यायचो, तेवढ्यावर त्यांनी माझं आईबापांनी ठेवलेलं नाव पहिल्याच दिवशी रद्द केलं. मी 'कलंबोली' झालो तो कायमचा. ते जवळच्याच गावातले, जातिवंत आगरी. त्यांच्या शेतांवर वसाहत उभी राहिली आणि ते त्याच वसाहतीत नोकरीला लागले. माणसं त्यांना मागे 'हजेरीकाका' म्हणत आणि तोंडावर नुसतं काका.

अकरा वाजले की हातातला चहा अर्धा ठेवून ते उठत. खिशात एक लहान बाटली असे, तिच्यात अमोनियाचं पाणी, आणि सोबत कापसाचा बोळा. कोल्ड स्टोरेजची सगळी थंडी अमोनियावर चालते. तोच अमोनिया गळला तर माणसाचे डोळे आणि छाती जाळतो. म्हणून पाइपांच्या वाटेवर जागोजागी गळती ओळखणारी यंत्रं बसवलेली होती. काका रोज त्यांतल्या एका यंत्राच्या तोंडाशी ओला बोळा धरत. मग यंत्रखोलीतल्या जुनाट कॉम्प्युटरवरचा एक छोटा प्रोग्रॅम एका दमात सात जणांना मेल पाठवी. 'अमोनिया गळती. तपासा.' त्यातला एक मेल डिस्पॅचच्या टेबलावर पोचला की तिथला कॉम्प्युटर घंटा वाजवी, आणि डिस्पॅचचा क्लार्क भिंतीवरचं बटण दाबून चेंबरमधले, म्हणजे मासळी ठेवायच्या थंड खोल्यांमधले, भोंगे सुरू करी. असा तो द्राविडी प्राणायाम होता. यंत्रखोलीतही एक भोंगा होता, पण कंप्रेसरच्या घरघरीत तो शेजारी उभ्या असलेल्याला ऐकू येत नसे. नवी यंत्रणा घ्यायचं दर वर्षी ठरे आणि दर वर्षी राहून जाई.

भोंगा क्षणभर कुंईं करून थांबला, की तीन नंबरच्या चेंबरचं जाडजूड दार उघडून माकडटोपीतलं एक डोकं बाहेर येई आणि ओरडे, "हाजिर काका! जिता हाय अजून!"

हा मकबूल. रायगडच्या किनाऱ्यावरचा, पापलेटचे क्रेट रचणारा, सगळ्या कोल्डमधला सगळ्यात बडबड्या माणूस. काका त्याच्याकडे बघून न हसता मान हलवत आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत. अकरा, बोळा धरला, घंटा वाजली, मकबूल हजर. ही वही त्यांच्या काखेत इतकी पक्की बसलेली असे की तिथे तिचा घामाचा डाग पडला होता. आपण काय विचारलं, कोण काय म्हणाला, परत विचारल्यावर काय म्हणाला, सगळं तीत जाई. आम्ही चेष्टा करायचो, की काकांनी लग्नात काकूंनाही दोनदा विचारून वहीत नोंद करून मगच हार घातला असेल.

"तिनी पयल्यांदी नाय म्हनलान," ते शांतपणे म्हणत. "म्हनून इचाराचा दोनदा."

ही खोड फक्त कामावरची नव्हती. त्यांच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर त्यांनी चार मजले चढवले होते आणि वर भाडेकरू ठेवले होते. सकाळी कामावर निघताना ते प्रत्येक मजल्यावर जाऊन प्रत्येकाची बेल वाजवत. दार उघडून कोणी, "काय काका?" म्हटलं, की म्हणत, "काय नाय. बेल वाजते का बगाया आलतो." आयटीतल्या, उशिरापर्यंत झोपणाऱ्या मुलांनी या कारणावरून खोल्या सोडल्या. काकांना त्याचं काही वाटत नसे. वाजली नाही ती बेल मात्र ते संध्याकाळी स्वतः दुरुस्त करत.

मी एकदा त्यांना चिडून विचारलं होतं, की सगळं ठीक चाललेलं असताना रोज कशाला खाजवून बघायचं? आम्ही गच्चीवर, अमोनिया परत गार करणाऱ्या कंडेन्सरपाशी उभे होतो. तिथून गोदामांच्या पत्र्यांपलीकडे खाडीची एक करडी पट्टी दिसते. तिकडे बोट करून ते म्हणाले, "तिथं आमची खारजमीन व्हती. बांद घातलेला. उधानाला पानी वर यायचा, तवा गावची मान्सा बांदावर हुबी रहायची. हाकंच्या अंतरावर येक येक मानूस. पयला हाक मारी, दुसरा उत्तर देई, मंग दुसरा हाक मारी, तिसरा उत्तर देई. बांद कुठं फुटला त्ये दिसत नाय. पन जिथून उत्तर येत नाय, तिथं पलाचा. तिथं बांद तरी गेला, नायतर मानूस."

"आणि सगळीकडून उत्तर आलं तर?"

"तर परत हाक माराची," काका म्हणाले आणि कंडेन्सरच्या पंपाला म्हशीला मारतात तशी थाप मारून खाली गेले.

मला तेव्हा ते गमतीदार वाटलं. घरी बायकोला त्यांची नक्कल करून दाखवली आणि दोघं पोट धरून हसलो.

आता जे सांगायचं ते सांगतो. इतकी वर्षं ते मी हसण्यावारी नेलेल्या गोष्टींच्या मागे लपवत आलो आहे.

रोजच्या त्या मेलचा वरच्या लोकांना वैताग होता. सात जणांत मॅनेजरसाहेब होते आणि हेड ऑफिसमधले दोघे. त्यांनी मेल उघडणं केव्हाच सोडलं होतं. एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "रोज लांडगा आला रे आला चाललंय. याचं काहीतरी करा." मी तरुण होतो, साहेबांच्या नजरेत भरायची घाई होती. मी म्हटलं, "सर, आठवड्यातून एकदा, सोमवारी ठेवू या." कल्पना माझी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

काका मीटिंगच्या दारातच उभे होते. ते खुर्चीवर कधी बसत नसत. ते म्हणाले, "साहेब, सोमवारीच शालंत जानारा पोर शालंत जातो म्हनायचा का?" सगळे हसले. साहेबही हसले, आणि हसत हसतच म्हणाले, "काका, सोमवार." लेखी काहीच नव्हतं. यंत्रखोलीच्या भिंतीवर 'दैनंदिन चाचणी' असा छापील तक्ता होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर अकरा वाजता ते चहा ठेवून उठत, यंत्रापाशी जात, बाटलीच्या बुचावर अंगठा ठेवून उभे राहत आणि परत येत. मकबूल सवयीनं दार उघडून बघे. भोंगा नाही म्हटल्यावर त्याला चुकल्यासारखं होई. "काका, आज खाडा का?" असं तो ओरडे, आणि काका मान फिरवत.

पुढे एका गुरुवारी मी नवा अँटिव्हायरस बसवला. सगळ्या कॉम्प्युटरांवर, यंत्रखोलीतल्यासुद्धा. त्याच्या सारख्या सूचना पडद्यावर येऊन लोक मला फोन करतील म्हणून मी आधीच सूचना बंद करून ठेवल्या. आता तो जे काही अडवेल ते गुपचूप अडवणार होता आणि त्याची नोंद फक्त माझ्या पडद्यावर येणार होती. ती मी सोमवारी बघणार होतो.

काका दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "ह्यो काय करतो?"

मी म्हटलं, "वॉचमन आहे, काका. अनोळखी कोणी आत-बाहेर करायला लागलं की अडवतो."

"मंग नव्या वॉचमनला घरची मान्सा दाखवली का? नायतर आमच्या बिल्डिंगीत झाला तसा. नवा वॉचमन आला, त्यानी मनाच गेटावर थांबवला. माझ्याच बिल्डिंगीच्या गेटावर." मग ते जुनाट कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "माझ्या ह्या प्रोग्रॅमचा नाव त्याला सांगलास का?"

"हो."

ते दोन पावलं गेले, वळले. माझ्या हातांकडे बघत विचारलं, "सांगलास का?"

"हो काका, हो!" मी म्हटलं. माझ्या हातात मोटरसायकलची चावी होती.

सांगितलं नव्हतं. त्याला फार तर पाच मिनिटं लागली असती. अँटिव्हायरसमध्ये एक यादी असते. अमुक प्रोग्रॅम आपला आहे, त्याला अडवू नकोस, अमुक वाटेनं त्यानं मेल पाठवले तर जाऊ दे, एवढं त्या यादीत लिहायचं. एरवी त्या अँटिव्हायरसच्या बाजूनं बघा. कोणाची सही-शिक्का नसलेला, कुठल्याशा जमान्यातला प्रोग्रॅम. दिवसभर मुका बसतो आणि अचानक एका दमात सात जणांना एकच मेल सोडतो. व्हायरस असंच वागतो. अँटिव्हायरसनं आपलं काम चोख केलं. मी 'नंतर बघू' म्हणून निघालो, कारण मला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं. का जायचं होतं, ते आता आठवतही नाही.

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी काका गच्चीवर पंपाचं काम करत होते. तीन नंबरच्या चेंबरच्या आत, दारावरून जाणाऱ्या पाइपाचा एक व्हॉल्व्ह थोडा थोडा गळायला लागला. गळती ओळखणाऱ्या यंत्रानं ते लगेच ओळखलं. प्रोग्रॅमनं मेल पाठवले. ते गेले नाहीत. दोन मिनिटांनी परत पाठवले, परत गेले नाहीत. डिस्पॅचचा क्लार्क घंटेपासून हातभर अंतरावर चलनं लिहीत बसला होता. पंधरा मिनिटं असं चाललं आणि मग तो व्हॉल्व्ह पूर्ण फुटला.

मकबूल आत एकटाच होता. दार बंद, क्रेट छतापर्यंत. अमोनियाचा बारीकसा वास तिथे नेहमीच असे आणि तिथे काम करणाऱ्यांच्या नाकांना त्याची सवय झालेली होती. दार त्याच्यापासून वीस पावलांवर होतं. पंधरा मिनिटांत माणूस वीस पावलं चालतोच चालतो.

वास गच्चीवर पोचल्यावर काका धावत खाली आले. टॉवेल नळाखाली धरून तोंडावर गुंडाळला आणि कोणी अडवायच्या आत चेंबरमध्ये शिरले. मकबूलला बगलेत धरून ओढत त्यांनी बाहेर आणलं, तेव्हा ते स्वतःच उलट्या करत होते. मकबूल मंगळवारी हॉस्पिटलमध्ये वारला. त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्याचा भाऊ मासळीची गाडी चालवायचा, तो कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मी त्याला पाणी नेऊन दिलं. मी एवढंच केलं.

खरं तर तेवढंच केलं नाही. रविवारी सकाळी बाकी सगळे हॉस्पिटलात असताना मी ऑफिसला गेलो. माझ्या पडद्यावर अँटिव्हायरसची नोंद होती. 'संशयास्पद मेल, अडवला.' एकाखाली एक. दर दोन मिनिटांनी, पंधरा मिनिटांत सात वेळा आणि नंतरही कितीतरी वेळा. सगळं संपल्यावरही ते यंत्र बिचारं हाक मारत राहिलं होतं. माझे हात बरोबर चालले. मी प्रोग्रॅमचं नाव यादीत घातलं. मग ती नोंद पुसून टाकली. पाच मिनिटं लागली.

चौकशीला तीन जण आले. यंत्रखोलीत सगळे गोळा झाले. काका खोकत होते. त्यांच्या छातीत जे गेलं ते पुढे कधी निघालंच नाही. चौकशीवाल्यांतला एक म्हणाला, "चाचणी करून दाखवा." काकांनी बाटली काढली, बोळा भिजवला, यंत्राच्या तोंडाशी धरला.

पलीकडे डिस्पॅचमध्ये घंटा खणखणीत वाजली.

"म्हणजे यंत्रणा उत्तम चालते," तो माणूस म्हणाला. "मग शनिवारी का नाही वाजली? शुक्रवारी चाचणी केली होती?"

"नाय."

"शनिवारी?"

"नाय."

"भिंतीवर दैनंदिन लिहिलंय."

काकांनी साहेबांकडे बघितलं नाही. साहेब भिंतीवरचा तक्ता वाचण्यात गुंग होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, तोंडाकडे, आणि मग सावकाश माझ्या हातांकडे. माझे हात खिशात होते. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. चौकशीवाल्यानं विचारलं, "तुमची ती वही कुठे आहे?"

"हरवली," काका म्हणाले. त्या माणसाला मी खोटं बोलताना तेवढंच एकदा ऐकलं.

मलाही विचारलं. "कॉम्प्युटरमध्ये काही बदल केला होता?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. परत कोणी विचारलं नाही.

अहवालात ठपका काकांवर आला. रोजची चाचणी केली नाही, यंत्राची देखभाल केली नाही, बिघाड वेळेत लक्षात आला नाही. निवृत्तीला आठ महिने असताना त्यांना कामावरून काढलं. मकबूलच्या भावानं गेटासमोर सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, "रोज हाजिरी घ्यायचास ना रं माझ्या भावाची? मंग त्या दिवशी का नाय घेतलीस?" काका खाली मान घालून उभे राहिले. त्यानंतर तो त्यांच्याशी बोलला नाही. गावातही कुजबुज झाली. वहीत काय लिहीत होता म्हातारा, सगळं नाटक, असं लोक म्हणाले. मीही तिथे होतो. मी मान डोलावली नाही आणि नाही असंही म्हटलं नाही.

मी ती नोकरी सोडली. आता सोसायट्यांच्या ऑफिसांची आणि छोट्या कारखान्यांची कामं करतो. नवा अँटिव्हायरस बसवला की आधी विचारतो, इथे आपोआप मेल पाठवणारं काय काय आहे? पाण्याच्या टाकीचं, लिफ्टचं, आगीचं? एकेकाचं नाव यादीत घालतो, पाठवणाऱ्याचा पत्ता घालतो, आणि मग खरोखरचा अलार्म करायला लावून, मेल ज्याला जायचा त्याच्या शेजारी जाऊन तो येईपर्यंत उभा राहतो. लोक म्हणतात, फार काळजीपूर्वक काम करता बुवा. मी पुढच्या कॉम्प्युटरकडे वळतो.

काका एकदाच माझ्या घरी आले. काढून टाकल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, भर दुपारी. पावण्याहून कळंबोलीपर्यंत बसनं येऊन, तिथून ट्रकांच्या रांगांमधून पत्ता विचारत. दोन जिने चढून आल्यावर बराच वेळ त्यांना बोलताच येईना. एरवी त्यांनी माझी बेल परत वाजवून बघितली असती, पण तेवढीही त्यांची अवस्था नव्हती. बायकोनं चहा दिला. त्यांनी तो पूर्ण प्यायला, ते मला विचित्र वाटलं. मग ती आत गेली.

"कलंबोली," ते म्हणाले, "मनात काय ठेव नको. तू काय केलास, काय नाय, तरी हाक माराची माझी व्हती. मना सोमवार सांगला आनि मी आयकला. बांदावरच्या मानसानी आसा आयकाचा नसतो." खोकला थांबल्यावर माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "तुना काय सांगाचा हाय का?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला तिसरीतली मुलगी होती, हप्ते होते, भीती होती. मी म्हटलं, "नाही काका."

ते उठले. चपला घातल्या. दाराशी वळले आणि माझ्या हातांकडे बघत विचारलं, "काय सांगाचा हाय का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, मकबूलकडे बघून हलवत तशीच, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. मी वरून बघत होतो. जिथून उत्तर येत नाही तिथे धावत जायचं, हे त्यांनी मला सांगितलं होतं. त्या छातीनं ते धावतच आले होते म्हणायचं.

गेल्या वर्षी ते गेले. मला त्यांच्या एका भाडेकरूकडून कळलं. तेराव्याला जाऊ नये असं मनाला शंभर वेळा बजावून मी गेलो. बिल्डिंगखाली मांडव होता. गावची माणसं होती, कोल्डमधले जुने कामगार होते. सगळ्यात मागे, खुर्चीवर न बसता, मांडवाच्या बांबूला धरून मकबूलचा भाऊ उभा होता. बघायला कोणी नसेल तेव्हा पाया पडून निघावं, म्हणून मी थेट वर काकूंकडे गेलो.

"तू कलंबोली ना?" त्या म्हणाल्या. ओळख कशी पटली कोण जाणे. त्यांनी कपाटातून फडक्यात बांधलेली लाल वही काढली. "ह्यांनी सांगलान, ही त्याचीच हाय, त्यालाच दे. दुसऱ्या कुनाला दावू नको. मी फडका सोडला पन नाय. मना वाचता बी येत नाय."

मी गाठ सोडली. घामाचा डाग तसाच होता. शेवटची पानं मी उभ्या उभ्या वाचली.

"काय लिवलाय?" काकूंनी विचारलं.

"मशीनची टिपणं आहेत," मी म्हटलं. "तारखा, वेळा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं काढलेली बाई. त्यांची नजर माझ्या हातांवर आली. वही मी घट्ट मिटून धरली होती.

"काय लिवलाय?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठल्या, पदर सारखा केला आणि माझं मनगट धरलं. तेरा दिवस नीट न जेवलेल्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. जिना उतरून त्यांनी मला मांडवात आणलं, मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, "वाच."

गप्पा थांबल्या. मी वाचलं, पण पुटपुटल्यासारखं. पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल.

मागून मकबूलचा भाऊ दोन पावलं पुढे आला. "आयकू नाय आला," तो म्हणाला. "परत वाचा."

मी वही वर धरली आणि मोठ्यानं वाचलं.

"गुरुवार. नवा अँटिव्हायरस बसविला. आपल्या प्रोग्रॅमचे नाव सांगितले का विचारले. हो म्हणाला. परत विचारले. हो म्हणाला. शुक्रवार, अकरा. साहेबांचा हुकूम सोमवारचा. बोळा धरला नाही. शनिवार, अकरा. बोळा धरला नाही. दुपारी गळती. घंटा वाजली नाही. मंगळवार. मकबूल गेला. पुढे चौकशी. बोळा धरला, घंटा वाजली. कलंबोलीने मधल्या वेळात नाव सांगितले. त्यानंतर कळंबोलीला, त्याच्या घरी गेलो. काही सांगायचे आहे का विचारले. नाही म्हणाला. परत विचारले. नाही म्हणाला."